तांबीचे एकशे एक दिवस

१३ जून, संध्याकाळी ६

आजपासून नोंद. गेल्या वर्षीची एक टाचणवही कोरी उरली होती, तीच घेतली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, रोज लिहून ठेवा, कुठल्या दिवशी गेले, किती गेले. मी पंचवीस वर्षे विज्ञान शिकवते. नोंद कशी ठेवायची हे मला सांगावे लागत नाही. नोंदीत प्रत्येकाचे नाव, नाते, हुद्दा लिहावा, नाहीतर वर्षभराने आपलेच अक्षर आपल्याला ओळख दाखवत नाही.

तर: विमल, वय ४७, बी.एस्सी., मुलींच्या शाळेत पर्यवेक्षिका, मुक्काम लोहारा. तक्रार: दीड वर्षापासून पाळीत फार जाते. सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीचा तुकडा तपासून आला, वाईट काही नाही. उपाय: हार्मोनची तांबी. आज सकाळी अकराला उमरग्यात बसवली. दुखले थोडे. टेबलाची कड धरली होती, ती सैल झाली. आधीच सैल असणार.

डॉक्टरीणबाईंचे नाव शिवरंजनी. वय माझ्या पहिल्या बॅचच्या मुलींएवढे. म्हणाल्या, पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग जात राहतील. चिडचिड होईल, छाती जड वाटेल, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतील, कधी उगाच रडू येईल. मग कमी होत जाईल, बऱ्याच जणींचे बंदच होते. मी विचारले, हे तीन ते सहा महिने कोणाचे? म्हणाल्या, साधारण बायकांचे.

मी एक महिना धरते.

उद्दिष्ट: २२ सप्टेंबरचे घट. आमच्या घराण्याचे घट जळकोटच्या शेतातल्या घरी बसतात, आणि ते थोरल्या सुनेने बसवायचे. चोवीस वर्षे मी बसवले. गेल्या वर्षी ऐन सकाळी पाळी आली. धाकटी जाऊ निकिता हिने बसवले आणि मी गोठ्याशेजारी खाटेवर बसून सूचना दिल्या. तिने पत्रावळ आधी ठेवली की माती आधी पसरली, हे मला तिथून दिसत नव्हते. धान मात्र वीतभर उगवले. योगायोग.

१८ जून. दिवस पाचवा

डाग आहे. अपेक्षित.

घरात सासूबाई, तुळजाबाई, वय ७४. त्यांच्यासाठी मी पाळीचे पाच दिवस बाजूला बसते. स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, पुढच्या खोलीतला दिवाण आणि त्यावर वेगळी चादर. माझा यावर विश्वास नाही. माझे माहेर तुळजापूरचे असले तरी मी शिकलेली आहे. पण म्हाताऱ्या माणसाचे मन मोडू नये. त्यांनी कधी तोंडाने सांगितले नाही. सांगावे लागतच नाही, मी चेहरे वाचते.

उद्या पाच दिवस संपतील. परवा स्वयंपाकघरात.

२० जून. दिवस सातवा

डाग आहे. दिवाणावर.

दुपारी मधल्या सुट्टीत मराठीच्या भैरवी मॅडम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, बाई, या वयात धाडस केलंत. मी विचारले, कसले? त्या लाजल्या. मी लाजले नाही, मला काही कळलेच नव्हते.

संध्याकाळी उलगडा झाला. आमचे हे, रामकिसन, तहसीलमध्ये अव्वल कारकून. तेरा तारखेला माझ्यासोबत उमरग्याला आले होते. त्यासाठी त्यांनी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिले: "पत्नीस तांबी बसविण्याकामी." अर्ज आवकला नोंदवला गेला. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या गुंडाप्पाने त्यावर शिफारस केली. नायब तहसीलदारांनी मंजूर केला. सगळ्यांच्या सह्या आहेत.

मी म्हटले, घरगुती कारण असे लिहिता आले नसते का? ते म्हणाले, खोटे कशाला लिहायचे?

आपल्याकडे तांबी म्हटले की एकच अर्थ, पाळणा लांबवणे. रक्त थांबवण्यासाठीही तांबी असते हे लोहाऱ्यात फक्त मला माहीत आहे. आता अख्ख्या तहसील कचेरीला वाटते की सत्तेचाळीसाव्या वर्षी मला आणि ह्यांना तिची गरज पडली.

मी खुलासा करणार नाही. खुलासा दोषी माणूस करतो.

२८ जून. दिवस पंधरावा

डाग आहे. कमी आहे असे वाटते. दिवाणावर.

नियम एक: दोन थेंबांपर्यंत शून्य धरावे. कुठल्याही प्रयोगात एवढी चूक मान्य असते. त्यानुसार आज स्वयंपाकघरात गेले. ओट्याला हात लावला, सासूबाईंनी वर पाहिले आणि परत भाजी निवडू लागल्या. मी चेहरा वाचला. बाहेर आले. नियम एक रद्द.

सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई आली होती. तिच्या रजिस्टरात "पात्र जोडपी" अशी यादी असते, तीत आमचे नाव घालायला. मी तिला वय सांगितले. ती म्हणाली, बाई, एकोणपन्नासपर्यंत पात्रच धरतात. नियम दाखवला. नियम तसाच आहे. नाव घातले.

ह्यांनी केस काळे केले. कारण विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते.

५ जुलै. दिवस बाविसावा

निकिताचा जळकोटहून फोन. नोंदीसाठी: निकिता, वय ३६, माझ्या धाकट्या दिराची बायको. दीर बजरंग, वय ४२, ह्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आठ वर्षे घरात पाळणा हलला नाही, म्हणून सासूबाईंनी येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलला आणि मग बजरंग झाला. त्या नवसापायी आम्ही सगळे दरवर्षी येरमाळ्याला जातो.

निकिताला माझ्याइतकेच जाते, नव्हे जास्त. रक्त सातवर आले आहे. गेल्या आठवड्यात धार काढताना म्हशीखालीच भोवळ येऊन पडली. तिथल्या एका दवाखान्यात कुठलीही जादा तपासणी न करता पिशवी काढायची तारीख दिली: ६ ऑक्टोबर, सोयाबीन काढून झाल्यावर. तिच्या आळीत चौघींची आधीच काढली आहे. सगळ्यांत धाकटी एकोणतीस वर्षांची. निकिता म्हणते, एकदाची काढली की विटाळ बी गेला, घट बी मोकळे, देवाचं बी मोकळं.

मी तिला चाळीस मिनिटे समजावले. आधी नीट तपास, दुसरा उपाय असेल तर आधी तो, कापाकापी शेवटी. उमरग्याला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे चल म्हटले. ती ऐकत होती. मग तिने विचारले, आक्का, तुम्हाला तांबीचा काय तरास झाला का?

मी म्हटले, काही म्हणजे काही नाही.

त्या वेळी मी दिवाणावर होते आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी होती. पण शिक्षकाने अवघड धडा आधी घेतला तर वर्ग घाबरतो. सत्य सांगायचेच असते, फक्त क्रमाने.

संकल्प: निकिताची पिशवी मी वाचवणार. माझ्या शब्दाला घरात वजन आहे.

१२ जुलै. दिवस एकोणतिसावा

वजनावरून आठवले. शाळेत मुलींची आरोग्य तपासणी झाली. सगळे गेल्यावर काट्यावर उभी राहिले. तीन किलो जास्त. काटा तिरका होता. सरळ करून पुन्हा पाहिले, साडेतीन. परत तिरका करून ठेवला.

डाग: आहे.

१४ जुलै

एक महिना झाला. डॉक्टरीणबाईंचे तीन ते सहा महिने म्हणजे खरे तर दोन महिने, असा माझा अंदाज.

१९ जुलै. दिवस छत्तिसावा

चिडचिड: नाही.

आठवी ब ला पूर्ण तास उभे केले, कारण वर्गाची खिडकी उघडी होती. ती मीच उघडली होती हे नंतर आठवले. उभे राहणे तब्येतीला चांगले.

हनुवटीवर पुटकुळी. डास चावला.

२१ जुलै

दुसरा डास.

२६ जुलै. दिवस त्रेचाळिसावा

नववीला प्रकाशसंश्लेषण शिकवले. पान बिचारे दिवसभर उन्हात उभे राहून सगळ्यांसाठी अन्न तयार करते, या वाक्याला डोळ्यांत पाणी आले. खडूची धूळ. एका मुलीने रुमाल आणून दिला. तिला मी विचारले की गृहपाठ झाला का.

घरी हे स्वयंपाक करतात. पाच दिवसांपुरते म्हणून सुरू झाले होते. भाकरीला चतुःसीमा असतात, गोलाई नसते. आज आमटीत मीठ नव्हते. मी त्यांना शांतपणे, एकदाच, पंचवीस मिनिटे सांगितले. ते म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी चिडचिडीचं सांगितलं होतं. मी म्हटले, ही चिडचिड नाही, ही आमटी आहे.

सासूबाई हसल्यासारख्या वाटल्या. खोकला असेल.

२ ऑगस्ट. दिवस पन्नासावा

उमरग्याला तपासणी. शिवरंजनीबाईंनी पाहिले, तांबी जागेवर आहे, रक्त साडेआठवरून दहा झाले. म्हणाल्या, छान चाललंय. मी म्हटले, डाग? त्या म्हणाल्या, तीन ते सहा महिने.

निकिताविषयी विचारले. म्हणाल्या, आधी तपासते, चालत असेल तर तिलाही हाच उपाय सुचवेन. पण तिला आधी सगळं खरं सांगा हं. माहीत नसलं की बायका दुसऱ्या महिन्यात घाबरतात आणि काढून मागतात.

मी हो म्हटले. सांगणारच आहे. क्रमाने.

१० ऑगस्ट. दिवस अठ्ठावन्नावा

निकिता न सांगता आली. बजरंगचे तहसीलदारांकडे काम निघणार होते, त्याचे कागद आधी ह्यांना दाखवायला दोघे रविवारीच आले. येताना शेपू आणि वांगी.

मी दिवाणावर. वेगळी चादर. हे परातीपुढे, पिठात कोपरापर्यंत. नेमका त्याच वेळी मी पंख्याशी बोलत होते, कारण तो ठरावीक फेऱ्यांनी कट्कट् करतो. निकिता दारातच थांबली. मला वाटते तिने पंख्याचे बरेच ऐकले.

चहा तिनेच केला. मला वेगळ्या कपात दिला. मी म्हटले, आजचाच दिवस आहे. ती सासूबाईंकडे पाहू लागली. सासूबाई वांग्यांकडे पाहू लागल्या.

मग मी तिला तांबीवर सविस्तर सांगितले. आकृती काढून. चार वेळा म्हटले की त्रास काही नाही. चौथ्या वेळी आवाज जरा दाटला. शेपूचा वास उग्र असतो.

निघताना ती चपला घालत म्हणाली, "आक्का, काहीच न होता तुम्ही साठ दिवस दिवाणावर बसला. तुमच्याकडं दिवाण हाय, भाकरी थापायला दादा हायत. माझ्याकडं चार म्हशी हायत. मला पिशवीच काढलेली परवडंल."

अठ्ठावन्न, साठ नव्हे. पण मी दुरुस्त केले नाही.

अनुमान: निकिता जवळजवळ पटली आहे. इतक्या बारकाईने विचार करते म्हणजे मन डळमळले आहे.

११ ऑगस्ट

बजरंगने ह्यांना फोन करून विचारले, वहिनीची तब्येत कशी आहे, बोलू का नको. मी फोन घेऊन म्हटले, उत्तम आहे. तो म्हणाला, व्हय का, आणि फोन ठेवला.

२४ ऑगस्ट. दिवस बहात्तरावा

चार दिवस डाग नाही. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, स्वतःच्या हाताने भाकरी थापली, गोल. सहाव्या दिवशी डाग.

निकिताला रोज एक फोन करायचे ठरवले होते. रोज केला. आता ती उचलत नाही, मुलाकडे देते. मुलगा म्हणतो, आई वैरण टाकतेय. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, कधीही वैरण. चार म्हशींना एवढी वैरण लागत नाही.

६ सप्टेंबर. दिवस पंच्याऐंशीवा

महिनाभरात चार पुटकुळ्या. मच्छरदाणी आणली.

डाग आता आठवड्यातून दोनदा. प्रगती नाकारता येत नाही. साधारण बायकांनाही एवढीच होते, हे इथे लिहायचे कारण नाही.

हे अत्तर लावून कचेरीत जाऊ लागले आहेत. गुंडाप्पा त्यांना "साहेब" म्हणतो म्हणे. मी सगळे पाहते आणि काही बोलत नाही. बोलायचे काय? की तुमचा गैरसमज झाला आहे, हे औषध आहे? माणूस इतक्या वर्षांनी शीळ घालत भाकरी थापतो आहे.

१५ सप्टेंबर. दिवस चौऱ्याण्णवावा

आठ दिवस कोरडे. सलग. लाल पेनाने लिहावे असे वाटले, मग निळ्यानेच लिहिले.

बावीसला घट मीच बसवणार. सगळ्यांसमोर, निकितासमोर. शंभर शब्दांपेक्षा एक प्रयोग. तिने पाहावे की तांबी बसवलेली बाई अंघोळ करून, नवी साडी नेसून घटापुढे बसते. मग सहा ऑक्टोबरची तारीख ती आपसूक रद्द करेल. बोलायचे भाषणही तयार आहे, तीन मुद्दे.

२१ सप्टेंबर. दिवस शंभरावा

आणखी पाच दिवस कोरडे होते, म्हणजे एकूण तेरा. आज सकाळी एक डाग. फिकट. दुपारी नाही.

संध्याकाळपर्यंत दिवाणावर बसले, वेगळी चादर काढून. हे चादर काढणे नियमात बसते की नाही, ठरवता आले नाही.

२२ सप्टेंबर. दिवस एकशे एकावा

सकाळी ५.४०. कोरडे. अंघोळ, केसांवरून. हिरवी साडी.

७.१५. एसटीत. शेजारी सासूबाई, मागे हे. ह्यांचा रजेचा अर्ज मी या वेळी स्वतः पाहिला. "घटस्थापनेकामी" एवढेच होते.

८.५०. जळकोटचा स्टँड. डाग. एकच. नाण्याएवढाही नाही.

८.५५. नियम एक पुन्हा लागू. दोन थेंबांपर्यंत शून्य. कोणाला कळणार नाही. कळायचे कारणच नाही. निकिताच्या पिशवीसाठी एवढे करावेच लागेल.

९.२०. घर. माती चाळून ठेवली आहे, पत्रावळ मांडली आहे. मी बसते.

२३ सप्टेंबर, सकाळी, जळकोट

कालचे आज लिहिते आहे, कारण वही काल माझ्याकडे नव्हती.

देवासमोर बसले. निकिता परातीत सात धान्ये घेऊन उभी होती. घरात सगळे होते: सासूबाई, हे, बजरंग, त्याची दोन मुले. मी मातीला हात घालणार तेवढ्यात निकिताने विचारले, आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. आक्का, तुमचं थांबलं का? खरं सांगा, मला सहा तारखेला जायचं हाय.

मी म्हटले, कधीचेच.

सासूबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कालच तर होतं हिला. घाल गं माती, थांबलीस कशाला?"

बजरंग मुलांना बाहेर जा म्हणाला, ती गेली नाहीत.

मी म्हटले, आत्याबाई, तुम्हाला चालत नाही म्हणून मी पंचवीस वर्षे…

त्या म्हणाल्या, "मला? म्या कधी म्हणलं? मला वाटलं तुमच्या तुळजापुरात तसं असतंय. म्हणलं नोकरीवाली हाय, पाच दिवस बसती तर बसू दे, तेवढाच इसावा. ह्या खेपंला जरा लांबला एवढंच."

मग त्यांनी वात तेलात बुडवली आणि असे सांगितले की सरकारी क्याम्पात त्यांनी तांबी बसवून घेतली होती, तांब्याची, रामकिसन दोन वर्षांचा असताना. मामंजींना, म्हणजे नवऱ्याला, न सांगता. वर्षभर रोज डाग. घट मात्र त्या वर्षीही त्यांनीच घातला, कारण न घालावा तर सासूला कारण सांगावे लागले असते. "देवी काय लुगडं वर करून बघती व्हय?"

ह्यांनी हिशेब केला. ते कारकून आहेत, आकडे लवकर जुळवतात. म्हणाले, आई, म्हणजे बजरंगच्या आधीची ती आठ वर्षं?

त्या म्हणाल्या, तांबीचीच. मग बजरंग म्हणाला, आणि येरमाळ्याचा नवस? तो फार हळू म्हणाला. बेचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका लहान होताना मी पाहिला नव्हता.

"नवस बी बोलले, तांबी बी काढली," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही केलं, म्हणून तू झालास. आता पाया पड."

तो पडला.

निकिता खाली बसली होती, परात मांडीवर. ती हसत होती की रडत होती हे मला ओळखता आले नाही. चेहरे वाचण्याविषयी मी मागे काही लिहिले आहे. ते खोडायला हवे.

घट मी बसवले. डाग असताना. माती, धान, पाणी, विड्याची पाने. डोळ्यांत पाणी होते. धूळ नव्हती.

मग निकिता मला म्हणाली, आता तुम्ही सांगा. सगळं. आणि काही न्हाय असं म्हणू नका.

माझे तीन मुद्द्यांचे भाषण तयार होते. पहिला मुद्दा सुरू केला: त्रास म्हणावा असा… पुढे जमेना. तोंड उघडले की "नाही" हाच शब्द येई. शेवटी पिशवीतून ही वही काढून तिच्या हातात दिली आणि गोठ्याशेजारी जाऊन खाटेवर बसले. गेल्या वर्षीची तीच खाट.

तिथून स्वयंपाकघरातले दिसत नाही, ऐकू येते. निकिता मोठ्याने वाचत होती, सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून. काट्याला पहिल्यांदा हसल्या. डासाला जास्त. चतुःसीमेला बजरंगही हसला. पंख्याच्या पानावर निकिता म्हणाली, हे मला म्हाईत हाय. मग तिने पाने मागे उलटली, रक्त साडेआठवरून दहा झाल्याच्या पानापर्यंत. ते तिने पुन्हा वाचले. सासूबाईंनी विचारले, दहा म्हंजी चांगलं का? निकिता म्हणाली, माझं सात हाय.

हे येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनीही ऐकले होते. ती तांबी औषधाची आहे, हेही. थोड्या वेळाने म्हणाले, मग शिळेचं लिहिलंयस ते तसंच राहू दे.

वही आज सकाळी परत मिळाली. दोन ऑगस्टच्या पानावर तेलाचा डाग पडला आहे.

२९ सप्टेंबर

निकिता उमरग्याला जाऊन आली. मी बरोबर नव्हते, तिने सासूबाईंना नेले. तपासणी झाली, तुकडा दिला आहे. लोहाच्या गोळ्या सुरू. बजरंगने त्या दवाखान्यात फोन करून सहा तारीख रद्द केली. कारण विचारले तेव्हा म्हणाला, घरगुती. या भावांची कोणी तरी अदलाबदल करायला हवी होती.

माझ्या शब्दाला घरात वजन आहे, असे मी पाच जुलैला लिहिले आहे. तपासून पाहिले, निकिताने आतापर्यंत माझा एकही शब्द मानलेला नाही. जे मानले ते वाचलेले आहे.

५ ऑक्टोबर

ह्यांच्या केसांच्या मुळाशी पांढरे दिसू लागले. अत्तरही नाही. मला बरे वाटायला हवे. वाटत नाही. ही नोंद कोणत्या रकान्यात टाकावी कळत नाही.

संध्याकाळी तहसीलजवळच्या दुकानातून काळ्या रंगाची पुडी आणून त्यांच्या आरशापुढे ठेवली.

डाग: दोन दिवसांपूर्वी एक. स्वयंपाकघरात गेले. दिवाणावरची वेगळी चादर सासूबाईंनी शिवून तिची पायपुसणी केली.

१४ ऑक्टोबर

निकिताचा तुकडा चांगला आला. काल तांबी बसवली.

१७ ऑक्टोबर

निकिताचा फोन, सकाळी साडेसहाला. तिने शाळेच्या जुन्या वहीत लिहायला घेतले आहे. म्हणाली, आक्का, मघाशी दुधाच्या बादलीला लाथ बसली, सगळं दूध सांडलं. लाथ म्हशीची न्हाय, माझी. हे बी लिहायचं का?

मी म्हटले, लिही. आणि खाली कारण म्हणून म्हैस लिहू नकोस.

ती हसली. मग विचारले, तुम्हाला अजून होतंय का काय?

मी म्हटले, नाही. पलीकडे म्हशीच्या साखळीचा आवाज येत राहिला. वैरण टाकत नव्हती.

मी म्हटले, होते.

आज आरशात पाहिले. हनुवटीवर पुन्हा एक. डास नाही.